डब्यावरचं नाव

इंगळेकाकांच्या घरात साखरेच्या डब्यावर 'मीठ' लिहिलंय आणि मिठाच्या डब्यावर 'साखर'. चुकून नाही, मुद्दाम. स्वतःच्या हातानं, लाल रंगानं. पाहुणा आला की काका खाटेवर बसल्या बसल्या म्हणतात, "साखर तेवढी तुमच्या हातानं घाला, मला अंदाज येत नाही." पाहुणा घालतो, पहिला घोट घेतो आणि त्याचं तोंड वाकडं होतं. मग काका समाधानानं मान हलवतात.

"वाचून घातलीत ना? डब्यावरचं नाव डब्याचं असतं. आत तेच आहे कशावरून?"

याला काय म्हणायचं? माझा सख्खा भाऊ गावाहून पहिल्यांदा आला, तर त्यालाही त्यांनी खारा चहा पाजला. तो बिचारा भिडस्त. पूर्ण कप पिऊन वर "छान झालाय" म्हणाला. काका मला म्हणाले, "बघ शोभा, हा खोटं बोलला. हा उद्या कोणाची सोयरीक घेऊन आला तर विश्वास ठेवू नकोस."

मला त्यांचा राग येतो, हे आधीच सांगते. बोलून दाखवत नाही, कारण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून इथे लिहिते.

कांजूरमार्गला आमची इमारत आहे. आधी सगळ्यांच्या झोपड्या होत्या, आता लिफ्ट आहे, ती बहुतेक बंद असते. काका आमच्या समोरच्या दारात राहतात. नोकरी होती मुलुंडच्या एका औषधांच्या कंपनीत, गेटवर. सुटीचा भोंगा झाला की कामगार रांगेनं बाहेर पडायचे आणि काका प्रत्येकाची पिशवी आणि जेवणाचा डबा उघडून बघायचे. रिकामा आहे म्हटलं तरी उघडायचे. "रिकामा कशावरून?" साहेबांच्या गाडीतला डबासुद्धा त्यांनी उघडायला लावला होता आणि आतली उरलेली पुरणपोळी उलटी करून पाहिली होती, असं काकी सांगायच्या. निवृत्त झाले, गेट सुटलं, पण शब्द नाही सुटला. उलट तिथे निदान भोंगा वाजल्यावरच विचारायचे, आता दिवसभर विचारतात.

मेथीची जुडी घेताना विचारतात, "आजची कशावरून?" आमची भाजीवाली वैतागून म्हणते, "मेथीलाच विचारा ना काका." संध्याकाळी वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो, सगळी इमारत पटापट खिडक्या लावून घेते. काका खिडकीत उभे राहून हुंगत असतात. "डम्पिंगचाच कशावरून? भालेराव सरांकडे बोंबील भाजत असतील." भालेराव सर खालच्या मजल्यावर राहतात आणि आमच्या विहाराचे अध्यक्ष आहेत. त्यांना हे ऐकू जातं. ऐकू जावं म्हणूनच काका बोलतात.

या माणसाबरोबर विमलकाकींनी संसार कसा केला देव जाणे, असं मी म्हणणार होते, पण काका विचारतील कोणता देव. काकी मात्र हसऱ्या. जिन्यावरून पडून त्यांची मांडी मोडली होती, आत स्टीलचा रॉड घातलेला. "माझ्यात लोखंड आहे, माझ्याशी भांडायचं नाही," असं त्या सगळ्यांना दटावायच्या. एकदा आम्ही तिघं घाटकोपरच्या मॉलमध्ये गेलो. दारातल्या मुलीनं काकींच्या अंगावरून मशीन फिरवलं तर ते किंचाळायला लागलं. ती म्हणाली, "आण्टी, कुछ नहीं, जाओ." झालं. काकांना संताप आला. "जाओ म्हणजे? रॉडच आहे कशावरून? सुरा असला तर?" आणि त्यांनी पिशवीतून काकींचा एक्स-रे काढून दाराच्या उजेडात धरला. मागे रांग लागली. "ही मांडी. हा रॉड. हे स्क्रू. आता सोड." काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या, मला मात्र जमिनीत जावंसं वाटत होतं. बाहेर पडताना काकी माझ्या कानात म्हणाल्या, "हा एक्स-रे घेऊन फिरतो गं माझा. लोक बायकोचा फोटो ठेवतात, यानं हाड ठेवलंय."

काकी करोनात गेल्या. दवाखान्यात नेल्या त्या परत आल्याच नाहीत. काकांना दारातच थांबवलं. तोंड पाहू दिलं नाही. आम्ही कोणी जाऊ शकलो नाही, राख सावडायलाही कोणाला आत सोडलं नाही. कोणीतरी स्मशानाच्या फाटकातून एक मडकं काकांच्या हातात दिलं, तोंडाला कापड बांधलेलं, वर खडूनं नाव. काका ते घेऊन चालत घरी आले. मी दार किलकिलं करून बघत होते. मडकं त्यांनी छातीशी धरलं होतं आणि लिफ्ट चालू असताना जिन्यानं चढत होते.

आपल्यात राख घरात ठेवत नाहीत. कोणी पाण्यात सोडतं, कोणी झाड लावून त्याच्या मुळाशी घालतं. काकांनी ते मडकं फळीवर ठेवलं, ओळीनं लावलेल्या स्टीलच्या डब्यांच्या वर. पुण्यानुमोदनाच्या विधीला नातेवाईक आले, त्यांनी समजावलं, रागावले, निघून गेले. मडकं तिथंच राहिलं. रोज सकाळी काका ते उतरवतात, फडक्यानं पुसतात, परत ठेवतात. कापड कधी बदलत नाहीत. गाठ कधी सोडत नाहीत.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं कळायला ते लागेल.

यंदा आमच्या विहारात भगवंतांचे अस्थिधातू दर्शनाला येणार असं ठरलं. बाहेरच्या देशातून आणलेले ते धातू घेऊन एक भंते गावोगाव फिरत होते. पांढऱ्या कापडाचे मंडप, फुलांची कमान, रांगेसाठी बांबू, सगळी वस्ती कामाला लागली. माझ्या सासूबाई गावी अंथरुणाला खिळल्यात. त्यांनी फोनवर सांगितलं, "शोभा, माझ्या वाटचं डोकं तू टेकव. मला काय आता तिथवर येववत नाही." मी पांढरं लुगडं नीळ घालून धुतलं आणि पोळीभाजी केंद्रातल्या बाईंना सांगून टाकलं, त्या दिवशी मी पोळ्या लाटायला येणार नाही.

आणि काका काय करत होते? मुलुंडच्या वाचनालयात जाऊन बसत होते. रोज संध्याकाळी माझ्या दारात उभं राहून एक एक बातमी द्यायचे. माझे हात पिठाचे, आणि यांचं चालू.

"शोभा, हाडाचं वय कळतं. मशीन आहे त्याला."

"बरं झालं काका."

"बरं काय झालं? वय कळतं, नाव कळत नाही. त्या काळी माणसं काय एकच मेली?"

दुसऱ्या दिवशी, "जुन्या करंड्यांवर अक्षरं कोरलेली सापडतात. आत कोणाच्या अस्थी, ते लिहिलेलं."

"मग झालं की. लिहिलेलंच आहे."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला भावाचा चहा आठवला.

तिसऱ्या दिवशी, "रक्ताच्या नात्यावरूनही ओळख पटवतात. पण जुळवायचं कोणाशी? भगवंतांचे नातेवाईक कुठून आणायचे?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही धम्माचे की पोलिसांचे?"

"धम्माचाच. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, हे भगवंतांनीच सांगितलंय. मग त्यांच्याच बाबतीत विचारायचं नाही?" मग त्यांनी चौकटीला हात टेकला. "शोभा, अडीच हजार वर्षांचं सिद्ध करता येत असेल, तर चार-पाच वर्षांचं नक्कीच येत असेल ना?"

मला वाटलं, काहीतरी बरळतात. मी पोळी उलटली.

रविवारी दर्शन. उन्हात रांग मंडपाच्या बाहेर गेली होती. माझ्या पुढे काका. पांढरा सदरा, हातात फुलं, सगळं व्यवस्थित. मला बरं वाटलं, म्हटलं आज तरी माणसासारखे वागतील. काचेच्या पेटीत एक छोटा करंडा, त्यात तांदळाच्या कणीएवढे काहीतरी. शेजारी भंते बसलेले, अगदी तरुण. आपल्याच मुलखातले होते, मराठी बोलत होते. काका पुढे झाले, वाकले. वाकून पेटीत बघतच राहिले. रांग थांबली. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले,

"भंते, हे भगवंतांचेच कशावरून?"

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मला वाटलं आता मी इथेच विरघळणार, कारण मी अगदी त्यांच्या मागे, जणू मीच त्यांना घेऊन आले होते.

भंते रागावले नाहीत. म्हणाले, "उपासक, माझ्याकडे पुरावा नाही. माझ्या गुरूंनी हे माझ्या हातात दिलं तेव्हा एवढंच म्हणाले, नीट धर."

काकांनी काही बोलायला तोंड उघडलं. पण भालेराव सर मध्ये घुसले. सर शिकलेले, भाषणं करणारे. त्यांचा आवाज माईकशिवायही पोचतो.

"इंगळे, जगभरचे लोक इथे डोकं टेकवतात, ते सगळे मूर्ख आणि तुम्ही एकटे शहाणे? कशावरून कशावरून लावलंय. तुमच्या घरात फळीवर मडकं आहे ना? त्यात वहिनीच आहेत कशावरून? रॉड होता ना त्यांच्या मांडीत? जा, उघडा, रॉड शोधा, आणि मग भगवंतांचा पुरावा मागायला या."

मागून कोणीतरी हसलं. एक जण नाही, बरेच जण हसले.

मी काकांकडे बघत होते. त्यांच्या हातात फुलं तशीच होती. ती त्यांनी पेटीपुढे ठेवली नाहीत, खालीही टाकली नाहीत. खिशात कोंबली आणि निघून गेले. सरांनी बांबू आडवा लावला. "गोंधळ नको, दर्शन आता बंद." आणि अस्थिधातू संध्याकाळी मुलुंडच्या विहारात जायचे म्हणून बांधाबांध सुरू झाली. बांबूच्या या बाजूला पहिली मी उभी होते. माझ्या कपाळाला काहीच लागलं नाही, ना माझ्या वाटचं, ना सासूबाईंच्या.

मी घरी आले ती काकांच्या नावानं दात-ओठ खातच. इतकी वर्षं सोसलं, मेथीचं सोसलं, मॉलचं सोसलं, आता हे. पण भांडी घासता घासता राग काकांवरून सरकत सरकत भालेराव सरांवर गेला आणि तिथेच बसला. शिकलेला माणूस. मंडपभर माणसांत कोणाच्या मेलेल्या बायकोच्या मांडीतला रॉड काढतात का? काकांनी प्रश्न भंतेंना विचारला होता. भंतेंनी उत्तर दिलं होतं. यांना मध्ये कोणी बोलावलं होतं?

पण सर एकटे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या इमारतीला त्या मडक्याचं वेड लागलं. जिन्यात, नळावर तोच विषय. रॉड जळत नाही. रॉड असणारच. नसेल तर मग काय हो? बायका माझ्या दारात येऊन हळू आवाजात विचारायच्या, जणू सिरियलचा पुढचा भाग मलाच माहीत आहे. दुसऱ्या मजल्यावरचा सावंत इलेक्ट्रिशियन. मालवणचा, मनानं वाईट नाही, पण डोकं म्हणाल तर बल्ब नसलेला होल्डर. तो जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन थेट काकांच्या दारात आला.

"काका, उघडूची गरजच नाय. वरसून फिरवतंय. चिकाटला तर काकी."

मी समोरच्या दारात होते. मला वाटलं काका त्याला जिन्यावरून ढकलणार. काका शांतपणे म्हणाले, "सावंत, तुझा गणपती शाडूचा असतो ना?"

"व्हय तर. शाडूचोच."

"प्लास्टरचा नाही कशावरून? पुढच्या वर्षी आण वर. पहिल्याच दिवशी बादलीत बुडवून बघू."

सावंतानं चुंबक खिशात घातलं. "तसा नाय ओ काका..." म्हणत जिना उतरला. त्यानंतर निदान तो तरी त्या विषयावर बोलला नाही.

मंगळवारी मी काकांना वांग्याची भाजी द्यायला गेले, तर आत भालेराव सर बसलेले, बरोबर कमिटीचे दोघं. सर समजुतीच्या सुरात बोलत होते, जो मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त झोंबतो.

"हे बघा इंगळे, माझं त्या दिवशी जरा जास्त झालं असेल. पण लोकांच्या भावना असतात. तुम्ही भंतेंची जाहीर माफी मागेपर्यंत विहारात येऊ नये असं कमिटीचं मत आहे."

काका खाटेवर बसून फळीकडे बघत होते. "शोभा," ते म्हणाले, "सरांना चहा ठेव."

मी चहा ठेवला. या घरात कुठल्या डब्यात काय आहे ते मला माझ्या घरापेक्षा चांगलं माहीत आहे. मी 'साखर' लिहिलेला डबा काढला आणि तिन्ही कपांत भरपूर घातलं. ढवळलं. ट्रे सरांच्या पुढे धरला, पदर नीट खांद्यावर घेऊन.

सरांनी घोट घेतला. त्यांचे डोळे मोठे झाले. बाकीचे दोघं कपात बघायला लागले.

"शोभाताई, यात..."

"डब्यावर साखर लिहिलंय, सर," मी म्हटलं.

लग्न होऊन या वस्तीत आल्यापासून भालेराव सरांशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यांच्या मिशा हलल्या. सर उठले, चपला घातल्या, निघून गेले. त्यांचे कप मी तिथेच विसळून पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. तोच पांढरा सदरा.

"चल. मुलुंडला आहेत अजून. तुझं माझ्यामुळे राहिलं."

"तुम्हाला सोडतील आत?"

"तिथे मला कोण ओळखतंय? आणि मी इंगळेच कशावरून?"

आम्ही बसनं गेलो. चढताना त्यांनी कंडक्टरला दोनदा विचारलं की ही मुलुंडलाच जाते कशावरून, कंडक्टरनं बोर्ड दाखवला, काकांनी बोर्डाबद्दलचं त्यांचं मत सांगितलं. मुलुंडला रांग छोटी होती. मी मुद्दाम पुढे उभी राहिले, काकांना मागे घातलं. पहिलं डोकं सासूबाईंचं टेकवलं, दुसरं माझं. मग बाजूला सरले आणि श्वास धरून उभी राहिले.

भंतेंनी काकांना ओळखलं. मला ते दिसलं. ते नुसती वाट बघत राहिले. काका वाकले. खिशात हात घातला आणि रविवारची फुलं बाहेर काढली, वाळून चुरा झालेली. पेटीपुढे ठेवली. हात जोडले. बराच वेळ जोडून ठेवले, आणि काही न विचारता बाहेर आले.

बसस्टॉपवर आम्ही दोघंच होतो. मला राहवलं नाही.

"पटलं का काका?"

"काय पटायचंय? पुरावा नाहीच. कधी मिळणारही नाही."

"मग डोकं कसं टेकवलंत?"

"कोणाचं तरी आहेच ना," काका म्हणाले. "भगवंतांचं नसेल, दुसऱ्या कोणाचं असेल. इतक्या माणसांनी हातोहात सांभाळून आणलंय. एकानं जरी हात सोडला असता तर संपलं असतं."

ते रस्त्याकडे बघत बोलत राहिले, जसं गेटवरचा माणूस ड्युटीवर असताना बोलत असेल.

"मडकं मी उघडत नाही, भ्यालो म्हणून नाही. मी सगळा हिशेब करून बसलोय. रॉड निघाला, तर तो काय एकट्या विमलच्या मांडीत होता? नाही निघाला, तर म्हणतात भट्टीवाले आधीच काढून ठेवतात. म्हणजे उघडून काही कळणार नाही. पण नाही निघाला, तर उद्या सकाळी पुसताना माझा हात आखडेल. आता मी नीट पुसतो." त्यांनी वाकून बस येतेय का पाहिलं. "त्या दिवशी फाटकात खूप माणसं होती, शोभा. सगळ्यांच्या हातात मडकी. माझ्याकडे दुसऱ्या कोणाची बाई असली, तर माझी त्याच्याकडे असणार. कुठेतरी, भांडुपला, विक्रोळीला. तोही ठेवत असेल ना नीट?"

"ठेवत असणार, काका."

"कशावरून?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी हजारदा ऐकलाय. इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"तुम्ही ठेवता ना," मी म्हटलं, "त्यावरून."

बस आली. काका पुढे झाले आणि चढले. बोर्ड बघितला नाही, कंडक्टरला विचारलं नाही. मीही मागून चढले, पैसे देताना कंडक्टरनं कुठलं नाव घेतलं ते मला कळलं. ही खाडीपलीकडच्या ऐरोलीची बस होती, घराकडे न जाणारी.

सांगावं का, असं मनात आलं. पण आज पहिल्यांदाच काही न विचारता चढलेले काका खिडकीशी बसले होते, दोन्ही हात मांडीवर, ओंजळ केल्यासारखे. बस पुलावर चढली, दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी दिसायला लागलं. मी माझं लुगडं सावरलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.